मेटफॉर्मिन चालू आहे आणि विमान शिकायचंय: एएमईकडे कधी जावं?

प्रश्न: मी ४६ वर्षांचा, न्यू जर्सीत एडिसनला राहतो, ग्रीन कार्ड आहे. हौस म्हणून विमान शिकायचं ठरवलंय. दोन डेमो फ्लाइट झाल्या. तीन वर्षांपासून मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० घेतो. शेवटचं ए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.४ होतं. वसंतात ॲलर्जी होते, तेव्हा भारतातून आणलेली सेटिरिझिन घेतो. एफएए, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या मेडएक्सप्रेस या संकेतस्थळावर मेडिकलचा फॉर्म भरून सबमिट केलाय आणि पुढच्या गुरुवारी एएमईची (वैमानिकांची तपासणी करायला एफएएने नेमलेल्या डॉक्टरांची) वेळ घेतली आहे. क्लबातले एक ज्येष्ठ म्हणतात, ‘तिकडे कशाला जातोस, बेसिकमेड कर, फॅमिली डॉक्टरची सही पुरते.’ दुसऱ्या एकाने तर मेटफॉर्मिनचा उल्लेखच करू नको असं सांगितलं. नक्की काय करू? आणि याच लायसन्सवर सुट्टीत भारतात विमान चालवता येईल का?

उत्तर: सगळ्यात आधी गुरुवारची वेळ रद्द करा. घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही लिहिलेल्यातली एकही गोष्ट थर्ड क्लास मेडिकलच्या (हौशी वैमानिकाच्या वैद्यकीय सर्टिफिकेटच्या) आड कायमची येणारी नाही. पण मोकळ्या हातांनी गेलात तर जे काम कागदपत्रांच्या जोरावर सरळ झालं असतं, ते काही महिने लटकेल.

मेडएक्सप्रेसवर फॉर्म सबमिट केल्यावर एक कन्फर्मेशन नंबर मिळतो. तो नंबर तुम्ही एएमईला देईपर्यंत आणि त्यांनी तो टाकून फॉर्म उघडेपर्यंत तुमचा अर्ज कोणाच्याच हातात नसतो. न वापरलेला फॉर्म ६० दिवसांनी आपोआप निघून जातो, त्याची कुठे नोंद राहत नाही. पण एकदा एएमईने तो उघडला की शेवट तीनच प्रकारे होतो: सर्टिफिकेट, डिफरल म्हणजे निर्णयासाठी एफएएकडे पाठवणं, किंवा नकार. ‘राहू द्या, पुढच्या महिन्यात येतो’ ही सोय नाही. त्यामुळे तो नंबर अजून कोणाला, अगदी रिसेप्शनवरच्या बाईंनाही, देऊ नका. फोनवर अपॉइंटमेंट घेताना त्या तो सहज मागतात.

आता क्लबातल्या काकांचं. ते स्वतःच्या बाबतीत बरोबर बोलतायत, तुमच्या बाबतीत नाही. बेसिकमेड, म्हणजे एएमईऐवजी साध्या डॉक्टरांच्या तपासणीवर उडण्याची सोय, १ मे २०१७ पासून लागू झालं. त्याची पहिलीच अट अशी की १४ जुलै २००६ नंतर कधीतरी तुमच्याकडे एफएएचं मेडिकल सर्टिफिकेट असलं पाहिजे. त्यांच्याकडे ते कधीकाळी होतं. तुमच्याकडे कधीच नव्हतं, म्हणून तुम्हाला एकदा तरी एएमईच्या दारातून जावं लागणार. एकदाच, आणि नीट. शिवाय अमेरिकेतलं वैध ड्रायव्हिंग लायसन्स लागतं, ते तुमच्याकडे असेलच.

‘एकदाच आणि नीट’ म्हणण्याचं कारण बेसिकमेडच्या दुसऱ्या अटीत आहे. तुमचा सगळ्यात अलीकडचा अर्ज नाकारलेला असेल तर बेसिकमेड बंद. नुसत्या ड्रायव्हिंग लायसन्सवर चालणारा स्पोर्ट पायलटचा रस्ताही त्याच कारणाने बंद. डिफरल म्हणजे नकार नव्हे, एवढं लक्षात ठेवा. पण डिफरलनंतर एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या वैद्यकीय विभागाकडून कागद मागणारं पत्र येतं, त्याला मुदत असते. मुदतीत उत्तर गेलं नाही तर माहिती न दिल्याबद्दल नकार येतो. मधुमेहवाल्यांचे बरेच नकार साखरेमुळे येत नाहीत, ते अशा अनुत्तरित पत्रांमुळे येतात. पत्ता बदललात तर एफएएला ३० दिवसांच्या आत कळवायचं असतं. भाड्याची घरं बदलणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विसरू नये.

मेटफॉर्मिनबद्दल खरा प्रश्न गोळीचा नाही, निदानाचा आहे. तुमच्या डॉक्टरांच्या पेशंट पोर्टलवर जा आणि मागच्या भेटीचा व्हिजिट समरी कागद उघडा. निदानाच्या रांगेत कोड असतो. ‘ई११’ने सुरू होत असेल तर टाइप टू मधुमेह. ‘आर७३.०३’ असेल तर प्रीडायबिटीज. एफएएच्या दृष्टीने ही दोन वेगळी खाती आहेत.

प्रीडायबिटीज असेल आणि त्यावरच मेटफॉर्मिन दिलेलं असेल, तर ते सीएसीआय यादीत मोडतं. म्हणजे अशा आजारांची यादी ज्यात कागद ठीक असतील तर एएमई त्याच दिवशी, एफएएला न विचारता सर्टिफिकेट देऊ शकतात. ए१सी ६.५ किंवा कमी हवं, रिपोर्ट ९० दिवसांच्या आतला हवा, आणि तब्येत स्थिर आहे, औषधात बदलाची गरज नाही असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं टिपण हवं. तुमचं ६.४ यात बसतं.

मधुमेहाचं निदान एकदा झालेलं असेल, तर आजचं ६.४ हे मेटफॉर्मिनचं यश आहे, निदान पुसलं गेल्याचा पुरावा नाही. डॉक्टरांना कोड बदलायला सांगू नका. कोड बदलला तरी जुनी नोंद तशीच राहते, आणि फॉर्मवरचा अठरावा प्रश्न ‘आयुष्यात कधीही’ असा आहे. औषधावरचा मधुमेह नियमाने अपात्र ठरवणाऱ्या पंधरा आजारांत येतो. तरीही गोळ्या घेणाऱ्यांना स्पेशल इश्यूअन्स, म्हणजे असा आजार असूनही अटींवर दिलेलं सर्टिफिकेट, सर्रास मिळतं. पहिल्या वेळी निर्णय एफएए घेते, पुढच्या वर्षांत बहुतेक वेळा एएमईच कागद बघून नूतनीकरण करतात.

त्यासाठी एफएएच्या संकेतस्थळावर मधुमेहाच्या गोळ्यांसाठीचा स्टेटस रिपोर्ट आहे, एका पानाचा. तोच छापून डॉक्टरांकडे न्या. स्वतःच्या लेटरहेडवर ते दोन ओळी लिहून देतील, त्यात एफएएला हवं ते सगळं कधीच येत नाही. रिपोर्टमध्ये औषधं आणि मात्रा, दुष्परिणाम, गेल्या वर्षभरात साखर खाली जाऊन चक्कर किंवा शुद्ध हरपण्याचा प्रसंग झाला का, आणि हृदय, डोळे, मूत्रपिंड, नसा यांवर परिणाम दिसतो का, हे विचारतात. ए१सी ९० दिवसांच्या आतलं हवं आणि औषध बदललं असेल तर त्यानंतर किमान ३० दिवसांनी काढलेलं. ९ च्या वर गेलं की अडतं. तुम्ही त्यापासून लांब आहात. डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर ती आधी उरकून घ्या. मागितली नाही तरी दाखवायला चांगली.

इथे एक गोष्ट तपासून घ्या. भारतात गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी कधी गोळी बदलून दिली होती का? स्ट्रिप उलटी करा आणि घटक वाचा. आपल्याकडे ‘मेटफॉर्मिन’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी गोळ्यांत ग्लिमेपिराइडही असतं. त्याने साखर खाली घसरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा तसं होत नाही. एफएएला ए१सी जास्त असण्यापेक्षा काळजी नेमकी याची असते, की वैमानिक एकटा असताना, उतरण्याच्या वेळी साखर घसरली तर? म्हणून फॉर्मवर ‘मेटफॉर्मिन’ आणि खिशात जोडगोळी, असं व्हायला नको. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर तीही लिहा. तिने लघवीत साखर उतरतेच. एएमईला आधी माहीत नसेल तर तपासणीच्या पट्टीचा रंग बघून ते दचकतील.

‘लिहूच नको’ या सल्ल्याबद्दल. तुमचा विमा किंवा फार्मसीची नोंद एएमई रोज उघडून बघत नाहीत, हे खरं. पण फॉर्मवर छापलेलंच आहे: खोटी माहिती दिल्यास २,५०,००० डॉलरपर्यंत दंड आणि ५ वर्षांपर्यंत कैद. त्याहून जवळचा धोका म्हणजे एफएए सर्व सर्टिफिकेट रद्द करू शकते, वैमानिकाचं लायसन्ससुद्धा. पुढे अपघात झाला तर रक्तातल्या औषधांची तपासणी होते आणि विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. आणि हे सगळं कशासाठी, तर जी गोळी घेऊन हजारो लोक रीतसर उडतायत ती लपवण्यासाठी. ग्रीन कार्डवर असताना सरकारी फॉर्मवर खोटं लिहिणं तर शुद्ध वेडेपणा.

टेल्मिसार्टनची चिंता सोडा. ते एफएएला चालणाऱ्या गटात आहे. बीपीही सीएसीआय यादीत येतं: किमान ७ दिवस औषध न बदलता स्थिर, त्रास नाही, आणि दवाखान्यात १५५/९५ किंवा त्याखाली. क्लोनिडिनसारखी मेंदूवर काम करणारी बीपीची औषधं मात्र चालत नाहीत. सकाळची कॉफी टाळा, दहा मिनिटं आधी पोचून शांत बसा.

सेटिरिझिन हा तुमच्या पत्रातला सगळ्यात साधा दिसणारा आणि रोजच्या उडण्यात सगळ्यात जास्त अडवणारा मुद्दा आहे. एफएएच्या लेखी ती झोप आणणारी गोळी. घेतल्यावर ४८ तास विमान चालवायचं नाही. वसंतात रोज घेत असाल तर अख्खा हंगाम जमिनीवर. फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिन चालतं. डॉक्टरांना विचारून आत्ताच बदला, आणि नव्या गोळीने गुंगी येत नाही ना हे घरी असताना पाहा. भारतातून येणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांची पाकिटंही एकदा वाचा. त्यांत बहुतेक वेळा क्लोरफेनिरामाइन असतं, त्याला ५ दिवस थांबावं लागतं. इथल्या दुकानातल्या ‘पीएम’ लिहिलेल्या झोपेच्या गोळ्यांत डायफेनहायड्रामाइन असतं, त्याला ६० तास.

बाकीची तपासणी हलकी आहे. प्रत्येक डोळ्याने चष्म्यासह २०/४०, लांबचं आणि १६ इंचांवरचं दोन्ही. चाळिशीचा चष्मा घरी विसरू नका. कान म्हणजे पाठ करून ६ फुटांवरून साधं बोलणं ऐकू येणं. लघवीत फक्त साखर आणि प्रथिनं बघतात. थर्ड क्लासला ईसीजी नाही. एक बदल मात्र नवा आहे: १ जानेवारी २०२५ पासून पहिल्यांदा येणाऱ्यांची रंगदृष्टी संगणकावरच्या मान्य चाचणीने बघतात, जुन्या ठिपक्यांच्या पुस्तकाने नाही. सगळ्या एएमईंकडे ती सोय नसते, फोनवरच विचारा.

फोनवर आणखी काय विचारायचं? सरळ सांगा: ‘मला आधी कन्सल्ट हवंय, एक्झाम नाही. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन चालू आहे, कागद दाखवायचे आहेत.’ मग त्यांनी अशी मधुमेहाची प्रकरणं हाताळलीत का, आणि एफएएच्या कार्यालयाशी फोनवर बोलून प्रकरण पुढे नेतात का, हे विचारा. काही एएमई प्रत्येक गोळीवाल्याला डोळे मिटून डिफर करतात, तर काही तयार कागद बघून त्याच आठवड्यात मार्ग काढतात. फी एफएए ठरवत नाही, ज्याची त्याची वेगळी. पन्नास डॉलर वाचवायला दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांना सोडून पहिल्याकडे जाऊ नका. कन्सल्टमध्ये कागद पुरेसे आहेत असं कळलं की मेडएक्सप्रेस नव्याने भरा आणि मगच नंबर द्या.

भरताना एकोणिसावा प्रश्न सावकाश घ्या: गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या डॉक्टरभेटी. पोर्टलवरची यादी समोर ठेवूनच लिहा. कधी छातीत दुखलं म्हणून इमर्जन्सीत गेलात आणि ॲसिडिटी निघाली, असं झालं असेल तर डिस्चार्ज समरी आणि ईसीजी-ट्रोपोनिनचे रिपोर्ट बरोबर हवेत. नुसतं ‘काही नव्हतं’ म्हणून भागत नाही. बिनाचिठ्ठीच्या गोळ्या, पुरवण्या, घरून आलेली आयुर्वेदिक चूर्णं यांचीही नोंद करा. घोरण्यामुळे सीपॅप (झोपेत श्वास मोकळा ठेवणारं यंत्र) मिळालेलं असेल तर यंत्राचा वापर-अहवाल लागतो: ७५ टक्के रात्री आणि सरासरी किमान ६ तास.

तुमचं वय चाळिशीपुढचं, म्हणून थर्ड क्लास २४ कॅलेंडर महिने चालतं. १२ मार्च २०२६ ला तपासणी झाली तर ३१ मार्च २०२८ पर्यंत. स्पेशल इश्यूअन्स असेल तर मुदत त्याहून कमी, बरेचदा वर्षभराची, आणि दर वेळी नवा रिपोर्ट. म्हणून आमचं मत असं: सर्टिफिकेट हातात आल्यावर ते जपत बसू नका, बेसिकमेडकडे वळा. बेसिकमेडमध्ये ज्या आजारांसाठी एकदा स्पेशल इश्यूअन्स घ्यावंच लागतं ते मानसिक, मेंदूचे आणि हृदयाचे ठरावीक आजार आहेत. मधुमेह त्यात नाही. स्पेशल इश्यूअन्सची मुदत नुसती संपली तर बेसिकमेडला बाधा नाही. ते काढून घेतलं गेलं तर मात्र आहे. आणि बेसिकमेडवर गेल्यावर ‘असू दे हाताशी’ म्हणून पुन्हा थर्ड क्लासचा अर्ज करू नका. तो नाकारला गेला तर बेसिकमेडही जाईल.

बेसिकमेडचा क्रम असा. एफएएचा ८७००-२ क्रमांकाचा फॉर्म छापा, आपला भाग भरा, डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर म्हणजे राज्याचा परवाना असलेले एमडी किंवा डीओ. नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंटची सही चालत नाही, आणि मोठ्या क्लिनिकमध्ये तुमची भेट बहुधा त्यांच्याशीच ठरवली जाते. अनेक डॉक्टर ‘विमान चालवायला हरकत नाही’ अशा अर्थाच्या सहीला कचरतात, किंवा त्यांच्या संस्थेचा कायदा विभाग अडवतो. त्यांना फॉर्म आठवडाभर आधी पाठवा. नाहीच जमलं तर बरेच एएमईसुद्धा बेसिकमेडची तपासणी करतात. तिथे वेळ घेताना ‘बेसिकमेड’ हा शब्द स्पष्ट उच्चारा, नाहीतर ते मेडएक्सप्रेसचा नंबर मागतील आणि गाडी पुन्हा पहिल्या रुळावर जाईल. सही झाल्यावरच ऑनलाइन कोर्स करा, कारण शेवटी डॉक्टरांचा परवाना क्रमांक आणि तपासणीची तारीख भरावी लागते. एओपीए या वैमानिकांच्या संघटनेचा कोर्स फुकट आहे. फॉर्म एफएएला पाठवायचा नसतो. तो आणि कोर्सचं प्रमाणपत्र लॉगबुकबरोबर ठेवा. कोर्स दर २४ कॅलेंडर महिन्यांनी, तपासणी दर ४८ महिन्यांनी. तपासणीची मुदत तारखेला संपते, महिनाअखेरीस नाही. इथे अनेकजण चुकतात.

हौशी वैमानिकाला त्यात जवळजवळ काहीच कमी पडत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून १२,५०० पौंडांपर्यंतचं विमान, तुमच्यासह ७ माणसं, १८,००० फुटांपर्यंत, २५० नॉटपर्यंत, पैसे घेऊन नाही. तुम्ही शिकाल ते सेसना १७२ अडीच हजार पौंडांच्या आसपासचं.

मेडिकलचा अर्जच न करता उडण्याचा रस्ताही आहे: स्पोर्ट पायलट, नुसत्या ड्रायव्हिंग लायसन्सवर. ऑक्टोबर २०२५ पासून त्यात चार आसनी विमानंही आली, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) न सोडता स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो, ५९ नॉटच्या आत असेल तर. पण चार आसनं असली तरी प्रवासी एकच, आणि रात्री उडायचं तर पुन्हा बेसिकमेड किंवा मेडिकल लागतंच. बायको आणि दोन मुलांना घेऊन केप मे ला जायचं स्वप्न असेल तर हा मार्ग तोकडा. ए१सी हाताबाहेर असतं किंवा हृदयाचा इतिहास असता, तर आम्ही तुम्हाला आधी इकडेच पाठवलं असतं. तुमच्या आकड्यांवर तशी गरज दिसत नाही.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी रोजचा निर्णय तुमचाच. ताप, नवी गोळी, साखर अस्थिर, तर त्या दिवशी उडायचं नाही. हा नियमच आहे, खिशात कुठलाही कागद असो.

भारताचं: बेसिकमेड ही अमेरिकेच्या आतली सोय आहे. बहामाजसारख्या एखाद्या देशाने ती मानली आहे, भारताने नाही. तिथे पायलट म्हणून बसायचं तर डीजीसीए या भारतीय विमान वाहतूक खात्याची कागदपत्रं आणि त्यांची वैद्यकीय तपासणी वेगळी करावी लागेल. सुट्टीत बारामतीला इन्स्ट्रक्टरबरोबर एखादी फेरी मारायची असेल तर तिथल्या संस्थेला आधी लिहून विचारा.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसए या अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्रॅमची मंजुरी लागते. डेमो फ्लाइटला ती लागत नाही, म्हणून तुमच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसरी, शिकवणीची, तिच्याशिवाय होणार नाही. बोटांचे ठसे द्यावे लागतात. मंजुरी ५ वर्षांपर्यंत चालते. हा अर्ज आजच करा, कारण स्टेटस रिपोर्ट आणि ए१सी गोळा व्हायला तसेही काही आठवडे जातील. मेडिकल सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) आधी लागतं, इन्स्ट्रक्टरबरोबरचे तास त्याशिवायही मोजले जातात. मात्र शाळेचं मोठं आगाऊ पॅकेज मेडिकल हातात येईपर्यंत घेऊ नका. तोवर तासागणिक पैसे द्या.